मागच्या फळीवर

९ जानेवारी

बटणाबाई,

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करतात, पण तो मी शेवटी देईन, आधी भांडण. तुझा निरोप वरचीच्या फोनवर आला. ती जिन्यातूनच ओरडत आली, "अगं, तुझ्या नातीचं येणं पोस्टपोन झालंय." वरची कशी आहे ते तुला माहीत आहे, वर्षानुवर्षं माझ्या डोक्यावर राहते आणि आपल्याला इंग्रजी येतं असं धरून चालते. मी विचारलं, पोस्टपोन म्हणजे काय. म्हणाली, "रद्द." मी म्हटलं, माझी नात रद्द करणारी नाही. "मग मला कशाला विचारतेस, जास्त कळतं तर." झालं, तिने दार आपटलं.

मग शर्ट पोचवायला शिवणाच्या दुकानात गेले तेव्हा मास्टरला विचारलं. त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या काढून म्हणाला, "आजी, पोस्टपोन म्हणजे पुढे ढकलणं." मला इतकं बरं वाटलं की दोन शर्टांची काजं करायची राहिलीत हे त्याला सांगायचंच विसरले. रद्द नाही, पुढे. पण ढकलणं म्हटलं की मला रस्त्यात बंद पडलेली मोटार दिसते, चार माणसं मागून जोर लावतायत. तू मोटार नाहीस. तू शब्दांच्या कचेरीत बसतेस, इंग्रजी शब्दाला आपल्याकडे काय म्हणायचं ते दिवसभर लिहितेस, तर मला नीट सांग हा शब्द आला कुठून आणि त्याचे आईबाप कोण. पोस्टाशी त्याचं काही नातं आहे का तेही सांग. वरची म्हणते आहे. ती म्हणते म्हणजे नसणार.

फोनवर सांगू नकोस. फोनवर तू हो हो करतेस, मी बरं बरं करते, ठेवल्यावर हातात काही राहत नाही. आणि फ्रॉकातली असताना तू मला ओट्याशी बसवून जोडाक्षरं शिकवलीस, 'स्त्र' काढताना मी रडकुंडीला आले होते. एवढे कष्ट काढलेत तर वापरू दे.

इकडे सगळं बरं. डोळ्याचं ऑपरेशन या महिनाअखेर करू म्हणत होते, तर मी दवाखान्यात जाऊन सांगून आले की आमच्याकडेही पोस्टपोन. खिडकीतली मुलगी हसली. त्यांचा नियम आहे, घरचं माणूस बरोबर पाहिजे, सही करायला आणि परत न्यायला. वरची म्हणाली, "मी येते की, घरचीच आहे." मी म्हटलं, पट्टी सुटल्यावर पहिलं तोंड तुझं बघायचं, त्यापेक्षा पट्टी राहू दे. तिला राग आला, पण खरं ते खरं. पट्टी काढतील तेव्हा समोर तू पाहिजेस. लहानपणी बटणांचा डबा उघडून निळं बटण गिळणारी तू, दुसरं कुणी नाही. हे मी ठरवून टाकलंय.

डोळ्याची गंमत सांगायची राहिली. अंधार पडून जिन्यातला दिवा लागला की त्याच्याभोवती रंगीत कडं दिसतं, तांबडं, पिवळं, हिरवं, अगदी आत निळं. रस्त्यावरच्या एकूण एक दिव्याला आहे. फुकटची रोषणाई. वरचीला दिसत नाही, म्हणते चष्मा पूस. डॉक्टरने डोळ्यात घालायचे थेंब दिलेत, आठवलं की घालते.

पुष्कळ आशीर्वाद.

आजी


१८ जानेवारी

आजी,

तुझं पत्र मधल्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. संपादकबाई कधी हसत नाहीत, पण बंद पडलेल्या मोटारीपाशी त्यांनी पेन खाली ठेवलं. आमच्याकडे तेवढं म्हणजे हसणंच.

आता तुझ्या शब्दाचे आईबाप. योगायोग बघ, माझ्याकडे सध्या 'पी' हेच अक्षर आहे आणि पोस्टपोन नुकताच टेबलावर आलाय. तो लॅटिनमधून आला, म्हणजे आता कुणाच्याच घरात बोलत नाहीत अशा एका जुन्या भाषेतून. तिच्यात 'पोस्ट' म्हणजे नंतर किंवा मागे, आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणं. मागे ठेवणं. आपण पुढे ढकलतो, ते मागे ठेवतात. काम एकच, आपण कुठे तोंड करून उभे आहोत एवढाच फरक.

टपालाचं पोस्ट मात्र या शब्दाच्या पहिल्या अर्ध्यातून आलेलं नाही, दुसऱ्या अर्ध्यातून आलंय, ठेवण्यातून. निरोप पोचवायला पूर्वी वाटेत जागोजागी घोडेस्वार ठेवलेले असत, त्या ठेवलेल्या जागांवरून ते नाव पडलं. म्हणजे वरची मावशी अर्धी बरोबर आहे. तिला सांगू नकोस.

आणखी एक अर्थ आहे, फार जुना, आता कुणी वापरत नाही. एखाद्या गोष्टीला दुसरीपेक्षा कमी लेखणं. मागे ठेवायचं म्हणजे कुणाच्या तरी मागेच ना. हा अर्थ कोशात घ्यायचा की गाळायचा यावर आमची चांगली जुंपली. मी भांडून ठेवून घेतला. मला तो फार आवडतो.

माझ्या येण्याचं म्हणशील तर 'पी' संपल्याशिवाय रजा नाही, आणि 'पी' हे इंग्रजीतलं अत्यंत लेकुरवाळं अक्षर आहे. मार्चमध्ये नक्की. ऑपरेशन तेव्हाच घेऊ, पट्टीसमोर मीच. मोतीबिंदूला थोडं थांबलेलं चालतं. आमच्या कारकुनाची आई कितीतरी दिवस थांबली, नीट पिकू दिला, आता ती बसची पाटी लांबून वाचते. तुझाही पिकू दे.

रोषणाईचं वाचून सगळ्यांना तुझा हेवा वाटला.

तुझी बटण


२७ जानेवारी

बटणाबाई,

तुझं पत्र आधी मी वाचलं, मग वरचीला वाचायला दिलं, तिच्या तोंडून 'मागे ठेवणं' ऐकायचं होतं म्हणून. टपालाच्या ओळीवर मी अंगठा धरला होता. तिने अंगठा उचलून वाचलं. आता ती अर्धी नाही, पूर्ण बरोबर आहे, आणि सगळ्या इमारतीला ते माहीत आहे.

शब्द मला इतका आवडला की मी तो घरभर वापरतेय. झाडणं पोस्टपोन, भांडी पोस्टपोन. नळवाला सकाळी येतो म्हणून अंधार पडायच्या सुमाराला उगवला, त्याला दारातच म्हटलं, काय हो, पोस्टपोन केलंत वाटतं. तो इतका दचकला की नळ झाल्यावर खिडकीची कडीही बसवून गेला. इंग्रजीचा हा गुण मानायला हवा.

पण तो जुना अर्थ कुणी वापरत नाही असं कसं म्हणतेस. मास्टरच्या दुकानात तो रोज चालतो. तुला आठवतं ना, तिथे दोन फळ्या आहेत. पुढच्या फळीवर आज-उद्याचे गठ्ठे, मागच्या फळीवर नंतरचे. कुणी मोठं माणूस घाईने आलं की त्याचा गठ्ठा पुढे लागतो, आणि त्याला जागा करायला कुणाचा तरी मागे जातो. कुणाचा, तर जो आरडाओरडा करणार नाही त्याचा. असं मास्टर काही मनात धरून करत नाही, हात आपला तसा जातो. एकदा एका बाईने पोराचा थंडीचा कोट शिवायला टाकला होता. गरीब गाय. दर खेपेला आली की म्हणायची, "असू दे, सावकाश द्या." सावकाश म्हटलं की कोट मागे. शेवटी एकदाचा तो माझ्याकडे काजांना आला, मी त्याच्यावर जीव ओतला, आणि पोराला घालून बघितला तर बाह्या कोपरापर्यंत. पोरगं दोन्ही हात वर करून दुकानात उभं. ती बाई हसली, मास्टर हसला, मी तर पदर तोंडात कोंबून हसले. कोट मात्र असा देखणा झाला होता की काय सांगू.

डॉक्टर जरा रागावलाय. तरुण आहे, तरुणांना घाई. डोळ्यात दाब आहे, दाब आहे, हेच त्याचं चाललेलं. मी म्हटलं, डॉक्टर, या वयात दाब नाही अशी एक जागा दाखवा. यावर त्याने हसायला हवं होतं. मग मी सांगितलं, माझी नात म्हणते पिकू दे, आणि ती शब्दांच्या कचेरीत आहे. तो काहीतरी म्हणायला लागला, तेवढ्यात खिडकीतून माझं नाव पुकारलं, ते तसंच राहून गेलं. मार्च सांगून आले.

हल्ली दाराची डावी चौकट मला फार लागते. खांद्यावर हिरवा-निळा डाग पडलाय, बाकी रंग छान आहे. चौकट काही हललेली नाही, मीच वेंधळी झाले.

काम टाकून धावू नकोस. सावकाश ये.

आजी


२१ मार्च

आजी,

पत्राला उशीर झाला आणि मार्चचं जमलं नाही, या दोन्ही गोष्टी तुला एव्हाना कळल्या असतील. 'पी' संपला, पण तपासताना इतक्या चुका निघाल्या की संपादकबाईंनी अर्धा परत काढला. आणि एक चांगली बातमी. पुढच्या अक्षरांचं काम माझ्याकडे दिलंय. माझ्या हाताखाली आता तीन माणसं आहेत. ती माझ्या तोंडाकडे बघून काम करतात, त्यामुळे रजा मागायला मलाच लाज वाटते. मेमध्ये येते. ऑपरेशनचं तसं सांगून ठेव.

तुझं पत्र बसमध्ये बसून लिहिलंस का गं? ओळी उजवीकडे डोंगर चढत गेल्यात, शेवटची तर कागदाबाहेर पडली. आणि डावीकडे समास केवढा सोडतेस, अर्धा कागद रिकामा. मी तुला समास शिकवला होता तो दोन बोटांचा.

कोटाची गोष्ट मी माझ्या तीन माणसांना सांगितली. त्यांनी जुन्या अर्थाच्या कागदाला 'बाह्या' असं नाव पाडलंय.

तुझी बटण


६ एप्रिल

बटणाबाई,

माझी बटण आता तीन माणसांवर बसते, असं मी सगळ्यांना सांगितलं. वरची म्हणाली, "त्यांचं कसं होणार." जळते.

समास मी सोडत नाही. कागदाच्या कडेपासून लिहायला घेते. वरचीला दाखवलं, तर ती पण म्हणते अर्धा रिकामा आहे. तुम्ही दोघी कधी नव्हे त्या एकमताने बोलताय म्हणजे असेल.

एक गंमत झाली. मास्टरने काळा कोट परत पाठवला. मी त्याची काजं निळ्या दोऱ्याने केली होती, आणि वर एक काज कापताना कात्री पुढे सरकून कापड चिरलं. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. मी दुकानात गेले, म्हटलं, मास्टर, निळा असला तरी टाका बघा कसा बारीक आहे. तो टाचण्या न काढताच म्हणाला, "आजी, थोडे दिवस आराम करा." टाचण्या न काढता बोलला की समजायचं त्याला पुढे बोलायचं नाही. तेव्हापासून माझ्याकडे काम येत नाही. म्हणजे मलाच त्याने मागच्या फळीवर ठेवलं. मला हसू आलं, म्हटलं शब्द तू पाठवलास आणि लागू मला झाला.

हात मात्र ऐकत नाहीत, म्हणून एका जुन्या चादरीच्या काठाला काजं करत बसते. नुसती काजं. वरची विचारते, या चादरीला बटणं लावून तू कुणाला आत बंद करणार. पण रोज सकाळी तीच येऊन सुयांमध्ये दोरे ओवून सुयांच्या उशीत टोचून जाते. ओवताना शिव्या, टोचताना शिव्या.

रोषणाई जवळजवळ संपली. उजवीकडे थोडी आहे, डाव्या डोळ्याने दुकान बंद केलं. पिकला असेल पुरता, पिकला की असंच होत असेल ना. मी तर खूश आहे, म्हणजे वेळ भरली. दवाखान्यात मे सांगून आले. डॉक्टरने माझा कागद पालथा घातला.

मेमध्ये अडचण असेल तर ओढाताण करू नकोस. सावकाश.

आजी


११ मे

आजी,

घाईत लिहितेय. मे नाही, जून. यावेळी तिकीटच काढलंय, १९ जूनचं, तेव्हा रागावू नकोस. ऑपरेशन त्यानंतरच्या कुठल्याही दिवशी घ्या म्हणून सांग. पट्टी सुटल्यावर तू पहिलं काय बोलशील तेही मला माहीत आहे. "वाळलीस." लिहून ठेव.

तुझं मागचं पत्र अर्धंच लागलं. अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली होती, एका ओळीवर दुसरी ओळ. कोटाचं काहीतरी झालं एवढं कळलं. मास्टरचं काम फार असेल तर कमी घेत जा, आणि उजेडात बसून लिही.

तुझी बटण


२३ मे

पोरी,

मी वरची. तुमच्या पत्रांत माझं नाव हेच असतं, तेव्हा हेच लिहिते. तुझी आजी लिहू नको म्हणाली, म्हणून तिच्या खोलीत न बसता जिन्याच्या पायरीवर बसून लिहितेय.

तुझं पत्र तिला मी वाचून दाखवलं. तिला कागदच दिसत नाही. परवा तिने चहा कपाच्या शेजारी ओतला आणि मलाच दटावलं, कप हलवू नकोस म्हणून. मी कपाला हात लावला नव्हता. मग मी तिला भांडत भांडत दवाखान्यात नेलं आणि त्या डॉक्टरसमोर बसले.

तो मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू आहे. मलाही फरक माहीत नव्हता, तो त्याने सांगितला. मोतीबिंदू थांबतो, हा थांबत नाही. याचं ऑपरेशन गेलेली नजर परत आणत नाही, असेल तेवढी राखतं. जानेवारीत राखण्यासारखी पुष्कळ होती म्हणाला. ती रंगीत कडी म्हणजे रोषणाई नव्हती गं, तो डोळा ओरडत होता. आता डावा गेला, आणि उजव्याने नळीतून बघावं तेवढं.

मी विचारलं, हे तिला सांगितलं होतं का. तो म्हणाला, दर वेळी. तेव्हा तिला खरंच कळलं नाही, की कळूनही ती तुझ्यासाठी थांबली, ते मी तिला विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस. दोन्ही उत्तरं वाईट आहेत.

मी सही करते म्हणत होते. माझं तोंड चाललं नाही तिला.

ती तुला सावकाश ये असं लिहिते, ते वाचत जाऊ नकोस. तिकीट फाड आणि निघ.

वरची


२ जुलै

आजी,

तुझ्याकडून परत नीट पोचले. वरची मावशी हे पत्र वाचून दाखवेल, म्हणून मावशीलाही नमस्कार. माझ्या वाटचं तिनेच सगळं केलं, आणि मी आले तर दारात मलाच पाणी दिलं.

माझ्या कोटाचं बटण पक्कं आहे. तू चाचपून शिवलंस ते इथे कुणाला सांगितलं तर पटत नाही. मी ते सारखं ओढून बघते.

डॉक्टरांचं पुन्हा लिहीत नाही. मी दुसऱ्या मोठ्या दवाखान्यातही कागद दाखवले, तेही तेच म्हणाले, आता उजव्यातही राखण्यासारखं उरलं नाही. तुला फोनवर सांगणार होते, मग तू बरं बरं म्हणाली असतीस.

'पी'चा भाग छापायला गेला. पोस्टपोनच्या जुन्या अर्थाखाली उदाहरणादाखल एक वाक्य लागतं. कमी लेखून मागे ठेवणं, या अर्थाचं. संपादकबाईंनी माझ्याकडे मागितलं. मी सांगितलं, सुचत नाही. सुचलं होतं. ती जागा कोरी गेली. तीन माणसांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

सप्टेंबरमध्ये येते. तारीख ठरली की लगेच कळवते.

तुझी बटण


१४ जुलै

बटणाबाई,

हे पत्र मी लिहितेय, माझ्या हाताने. वरची नुसती शेजारी बसून उसासे टाकतेय. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्याला एकाखाली एक अशी लांबलचक काजं कापली, कागदावर ठेवला, आणि आता काजाच्या आत लिहायचं. काज संपलं की बोट खालच्या काजात. समास बघ, दोन बोटांचा आहे. ओळ कुठे चढली असेल तर कळव. मास्टरला नेऊन दाखवला, तो टाचण्या काढून म्हणाला, "आजी, कडा काय सरळ आल्यात." मी म्हटलं, न बघता कापलंय. मग आवाज नाही. मला वाटलं गेला कपडे इस्त्रीला टाकायला, तर तिथेच उभा होता.

तू आलीस ते फार छान झालं. इमारतीत अजून तेच बोलतात. तुझं तोंड मी हातात घेतलं तेव्हा, खरं सांगू, ते माझ्या ओळखीचं निघालं नाही. हनुवटी टोकदार झालीय, गालाची हाडं वर आलीत. मी जन्मभर कापडं हाताने ओळखली आणि तुझं तोंड ओळखता येईना, म्हणून तर वाळलीस म्हणाले. वाक्य तेच निघालं, तुझं बरोबर आलं. मला तू आठवतेस ती गोल गालांची, बटण गिळून भेदरलेली. आता तीच राहशील. जगासाठी तू म्हातारी हो, माझ्याकडे व्हायची नाहीस.

उदाहरणाला वाक्य नाही म्हणतेस. त्या पोराच्या कोटाचं घालायचं होतं. त्यात कुणाचं नाव येत नाही.

तू बाहेर खिडकीपाशी कागद घेत होतीस तेव्हा मी डॉक्टरला विचारलं, मग आता ऑपरेशन कधीपर्यंत पोस्टपोन. तो म्हणाला, "आजी, पोस्टपोन नाही." एवढंच. भला मुलगा आहे, खुर्ची ओढून माझ्या उजव्या बाजूला आला, तिथे अजून दिसेल असं त्याला वाटलं असेल. मला तुझं पत्र आठवत होतं, मागे ठेवणं. मागच्या फळीवर का होईना गठ्ठा असतो, हात घातला की लागतो. याला फळीच नाही. वरची पहिल्या दिवशी जे म्हणाली होती तेच खरं, रद्द. मी तिला तसं सांगून टाकलं. खूश व्हायची सोडून रडत बसली, आता तिची समजूत मलाच घालावी लागते.

सप्टेंबरमध्ये येतेस तर ये. सावकाश असं आता मी लिहीत नाही. पण तारीख कळवू नकोस. तारीख कळली की मी तिच्यासाठी काहीतरी मागे ठेवायला लागते, हाताची सवय आहे, आणि इथे आता मागे ठेवावं असं काही राहिलेलं नाही. दार नुसतं लोटलेलं असतं. मी चादरीची काजं करत बसलेली असेन, तिचे तीन काठ झालेत, चौथा चालू आहे.

आत आलीस की आधी काहीतरी बोल. म्हणजे तूच आलीस हे मला कळेल.

आशीर्वाद.

आजी